रंबाम: ज्यूंचा अख्खा कायदा एका ग्रंथात लिहिणारा वैद्य, ज्याचा भाऊ भारताच्या वाटेवर बुडाला

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक फाटकं, डागाळलेलं पत्र आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीचं. भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. गोव्यात कोकणी रोमी लिपीत लिहितात, तसाच काहीसा प्रकार. लिहिणारा डेव्हिड नावाचा तरुण व्यापारी आहे आणि पत्र त्याने इजिप्तमधल्या मोठ्या भावाला लिहिलंय.

नाईलकाठच्या कूसहून वाळवंट ओलांडून तो लाल समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोहोचला होता. वाटेत तांड्यापासून वेगळं होऊन पुढे निघण्याचा वेडेपणा केला आणि त्यामुळेच वाचलो, असं तो कळवतो. कारण मागून आलेल्या तांड्याला लुटारूंनी गाठलं होतं आणि काही जण तहानेने मेले होते. एवढं करून ऐधाबला काय मिळालं? तर नीळ सोडली तर विकत घेण्यासारखं काहीच नाही. म्हणून त्याने ठरवलं, आता थेट भारतात जायचं. घरच्यांना धीर दे, काळजी करू नकोस, हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी बरीच वाट कापलेली असेन, अशा अर्थाचं बरंच काही त्यात आहे.

डेव्हिड भारतात पोहोचलाच नाही. हिंदी महासागरात त्याचं जहाज बुडालं. हे पत्र त्याच प्रवासातलं असावं, असं अभ्यासक मानतात.

ज्याला हे पत्र आलं, तो मोठा भाऊ म्हणजे मोशे बेन मैमून. युरोपात त्यांना मायमोनिडीस म्हणतात. ज्यू लोक रब्बी मोशे बेन मैमून या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना रंबाम म्हणतात, आणि आपणही तेच वापरू. ज्यू धर्म म्हणजे नेमकं काय, हे एकाच माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचं असेल, तर रंबामइतकं सोयीचं दुसरं आयुष्य सापडणं कठीण आहे. सोयीचं आपल्यासाठी. त्यांच्यासाठी ते अजिबात सोयीचं नव्हतं.

कॉर्डोबातलं घर

रंबाम यांचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरात झाला. परंपरा सांगते की तो दिवस वल्हांडणाच्या आदल्या दिवसाचा होता. वल्हांडण म्हणजे ज्यूंचा पेसाख. इजिप्तच्या गुलामीतून पूर्वज सुटले, त्याची आठवण. त्या आठवड्यात घरात खमिराचा कणही ठेवत नाहीत आणि पहिल्या रात्री जेवणाच्या ताटाभोवती बसून ती सुटकेची गोष्ट वाचतात.

वडील मैमून हे दय्यान, म्हणजे ज्यू समाजाच्या न्यायालयातले न्यायाधीश. तेव्हा दक्षिण स्पेनवर मुस्लिम सत्ता होती आणि ज्यूंना आपला धर्म पाळायची, आपसातले वाद आपल्या कायद्याने सोडवायची मुभा होती. म्हणजे मोशे ज्या घरात वाढला, तिथे धर्म हा लोकांच्या कज्जेखटल्यांसकट दारात येत होता. घटस्फोट, उधारी, भिंतीचा वाद, खाटकाने कापलेलं जनावर चालेल की नाही, सगळंच.

या सगळ्याची उत्तरं कुठे शोधायची? इथे थोडं थांबून पुस्तकांची उतरंड समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

सगळ्यात वर तोरा. मोशे या संदेष्ट्याच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ. सिनेगॉगमध्ये हे आजही चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेलेच वाचतात. पण तोरा अनेकदा थोडक्यात बोलते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, काम करू नका, असं ती सांगते. पण काम म्हणजे काय? गाठ मारणं हे काम आहे का? दिवा विझवणं? याची उत्तरं रब्बी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी देत आले. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. बळी देण्याची जागाच गेली. मग धर्म टिकायचा तर तो या अभ्यासातच टिकणार होता. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा यांनी तोंडी परंपरा संकलित केली. ती मिश्ना. पुढे बॅबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या रब्बींनी मिश्नाच्या एकेका ओळीवर तीनेकशे वर्षं चर्चा केली. तो तालमुद.

तालमुद उघडला तर तो नियमांच्या पुस्तकासारखा दिसत नाही. ते भांडण आहे. हा रब्बी असं म्हणाला, तो तसं म्हणाला, मग तिसऱ्याने दोघांना अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला, मधेच एखादी गोष्ट, मधेच औषधाचा नुस्खा. पुष्कळदा निर्णय होतच नाही. आणि जो हरला त्याचं म्हणणंही जपून ठेवलेलं असतं. आजच्या प्रचलित छापील आवृत्तीत याची पानं २,७०० हून जास्त भरतात. दुकान, शेत, संसार सांभाळणाऱ्या माणसाने शनिवारी दिवा विझवायचा की नाही, हे या समुद्रात कसं शोधायचं?

हाच प्रश्न पुढे रंबाम यांनी आयुष्यभर छातीवर घेतला. पण त्याआधी घर सुटलं.

धर्म बदला, नाहीतर निघा

११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अलमोहद राजवटीने कॉर्डोबा घेतलं. अलमोहदांना जुनी मुभा मान्य नव्हती. ज्यू आणि ख्रिश्चनांनी इस्लाम स्वीकारावा, निघून जावं किंवा मरावं. मोशे तेव्हा दहा वर्षांचा असेल. मैमून कुटुंब आधी स्पेनमध्येच भटकत राहिलं आणि ११६० च्या सुमारास मोरोक्कोतल्या फेझ शहरात आलं. गंमत म्हणजे फेझही अलमोहदांच्याच ताब्यात होतं. ते तिथेच का गेले, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. या काळात या कुटुंबाने वरवर इस्लाम स्वीकारला होता, असं काही अरब चरित्रकारांनी लिहिलंय. काही अभ्यासक ते मानतात, काही साफ नाकारतात.

काहीही असो, आजूबाजूला असं जगणारे ज्यू ढिगाने होते. बाहेर मुसलमान म्हणून वावरायचे, घरात दार लावून शब्बाथ पाळायचे. अशात एका रब्बीने निकाल दिला, की ज्याने तोंडाने इस्लाम कबूल केला तो ज्यू उरला नाही, त्याच्या चोरून केलेल्या प्रार्थनेलाही काही किंमत नाही. उलट ते पापच.

रंबाम तेव्हा विशीत होते. त्यांनी संतापून उत्तर लिहिलं. त्यांचा मुद्दा असा होता: जीव वाचवायला उच्चारलेल्या शब्दांनी माणूस परका होत नाही. जो लपूनछपून एक जरी आज्ञा पाळतो, त्याचं पाळणं देवाकडे जमा होतं. त्याला हाकलून देऊ नका, तो शब्बाथ मोडताना दिसला तरी त्याला तुच्छ लेखू नका. मात्र पुढे ते तितक्याच स्पष्टपणे सांगतात, की अशा ठिकाणी राहू नका. घरदार, धंदा सोडा आणि जिथे उघडपणे जगता येईल तिथे निघा.

११६५ मध्ये त्यांनी स्वतः तेच केलं. कुटुंब जहाजाने पॅलेस्टाईनला निघालं. आठवड्याभरात भयंकर वादळ आलं, सगळे बुडता बुडता वाचले. रंबाम यांनी दरवर्षी त्या दिवसांत उपास करण्याचा नवस बोलला. ते आक्रे बंदराला लागले, जेरुसलेम आणि हेब्रोनचं दर्शन घेतलं. पण तिथे क्रुसेडरांचं राज्य, ज्यू वस्ती तुरळक, गरीब. शेवटी इजिप्त गाठलं आणि कैरोला लागून असलेल्या फुस्तात शहरात बिऱ्हाड थाटलं. या सगळ्या पळापळीत, कधी जहाजावर, कधी धर्मशाळेत, ते मिश्नावरची टीका लिहीत होते. सुरू केली तेव्हा तेवीस वर्षांचे होते, पूर्ण झाली तेव्हा तीस.

या टीकेत त्यांनी एक नवीच गोष्ट केली. ज्यू धर्म सहसा तुम्ही काय करता हे विचारतो. काय मानता हे तितकं खोदून विचारत नाही. रंबाम यांनी मात्र श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली: देव एक आहे, त्याला शरीर नाही, तोरा बदलणार नाही, मसीहा येईल, वगैरे. पुढच्या काही विद्वानांना हे अजिबात पटलं नाही. धर्माची अशी यादी करायचीच कशाला, असं ते म्हणत. पण चौदाव्या शतकात इटलीत त्या यादीचं गाणं झालं आणि आज अनेक सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी लोक ते चालीवर म्हणतात. वाद घालणारे मागे पडले, चाल टिकली.

डेव्हिड

फुस्तातमध्ये घर चालायचं ते डेव्हिडच्या जिवावर. तो जवाहिऱ्या. तो बाजारात फिरायचा आणि मोठा भाऊ निर्धास्त बसून लिहायचा. यामागे रंबाम यांचं एक ठाम मत होतं. तोरा शिकवून पोट भरणं त्यांना लाजिरवाणं वाटायचं. विद्वानाने लोकांच्या देणगीवर जगणं म्हणजे धर्माची बेअब्रू, असं त्यांनी पुढे कायद्यातच लिहून ठेवलं. (त्यांच्या नंतरच्या बहुतेक रब्बींनी हा सल्ला आदराने बाजूला ठेवला.)

मग डेव्हिडचं जहाज बुडालं. सोबत घरचा पैसा गेला, इतरांनी विश्वासाने दिलेला पैसाही गेला. मागे त्याची बायको आणि लहानगी मुलगी उरली. रंबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. ताप होता, आणि तापापेक्षा जास्त काहीतरी होतं. आठ वर्षांनी आक्रेच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रातही ते सावरलेले नाहीत. हा भाऊ माझ्या मांडीवर वाढला, माझा शिष्य होता, आणि आजही त्याचं अक्षर किंवा त्याचं एखादं पुस्तक समोर आलं की काळीज हलतं, असं ते कळवतात.

आता कमावणं भाग होतं. वैद्यकाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं. ते पूर्णवेळ वैद्य झाले.

इजिप्तची सत्ता तोवर सलाउद्दीनकडे आली होती, तोच जेरुसलेम जिंकणारा. त्याचा वजीर अल-फादिल रंबाम यांचा आश्रयदाता झाला आणि पुढे ते सलाउद्दीनच्या मुलाचे दरबारी वैद्य होते. दमा, मूळव्याध, विषबाधा अशा विषयांवर त्यांचे अरबी ग्रंथ आहेत. (व्हॉट्सॲपवर फिरणारी मायमोनिडीसची वैद्यांसाठीची प्रार्थना मात्र त्यांची नाही. ती पहिल्यांदा १७८३ मध्ये जर्मनीत छापली गेली.)

त्यांचा दिवस कसा जायचा, हे ११९९ च्या एका पत्रातून कळतं. त्यांचा अनुवादक भेटायला येऊ का, असं विचारत होता. त्याला येऊ नकोस म्हणून सांगण्यासाठी त्यांनी आपली दिनचर्याच लिहून पाठवली. रोज सकाळी फुस्तातहून कैरोला, सुलतानाकडे. तो, त्याची मुलं, जनानखान्यातलं कुणी आजारी असेल तर दिवसभर तिथेच. नाहीतर दुपारी भुकेने कळवळत घरी. घरात ओसरी भरलेली: ज्यू, मुसलमान, मोठे अंमलदार, साधी माणसं. त्यांची माफी मागून दोन घास खायचे, चोवीस तासांत तेवढंच जेवण. मग रात्रीपर्यंत रोगी. शेवटी इतका थकवा, की आडवं पडून औषधं सांगायची. आणि शब्बाथला, विश्रांतीच्या दिवशी, अख्खी जमात घरी येणार, कारण आठवड्याभराचं मार्गदर्शन तेव्हाच व्हायचं.

चौदा भागांत सगळा धर्म

मिश्ने तोरा हा त्यांचा सर्वात मोठा ग्रंथ याच धबडग्यात, दहा वर्षं खपून, ११७८ च्या आसपास पूर्ण झाला. चौदा भाग, सुमारे एक हजार प्रकरणं. तालमुदातला सगळा समुद्र त्यांनी विषयवार लावला. वाद काढून टाकले, निर्णय ठेवला. भाषा अरबी नाही आणि तालमुदाची क्लिष्ट अरामीही नाही. साधी, सरळ हिब्रू, म्हणजे स्पेनपासून येमेनपर्यंत कुणालाही वाचता येईल. विचार हा, की एखाद्याने तोरा वाचावी, मग हा ग्रंथ वाचावा, आणि मधलं काहीही वाचायची गरज पडू नये.

त्यात काय नाही? प्रार्थना कधी करायची, लग्न कसं लावायचं, कुठला मासा चालतो (खवले आणि पर दोन्ही हवेत), वल्हांडणाच्या रात्री वाचायचा मजकूर, साक्षीदाराला काय विचारायचं, मंदिर नसतानाही मंदिराचे सगळे नियम. शब्बाथचं प्रकरण वैद्याने लिहिलंय हे लगेच जाणवतं. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, हे आधीपासूनचंच. पण रंबाम पुढे म्हणतात, की हे मोडण्याचं काम कुणा परधर्मीयावर किंवा पोरासोरांवर ढकलू नका. समाजातल्या जाणत्यांनी स्वतः, सगळ्यांसमोर करावं. 

दानाचं प्रकरण तर सगळ्यात गाजलेलं. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. तळाशी, तोंड वाकडं करून दिलेलं दान. मग हसतमुखाने पण कमी दिलेलं, मागितल्यावर दिलेलं, मागण्याआधी दिलेलं. त्याच्यावर, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही किंवा घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, असं दान. त्याहून वर, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसलेलं. आणि सर्वात वर? माणसाला कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं. म्हणजे त्याच्यावर हात पसरायची वेळच येऊ नये. ज्यू समाजात आजही बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था चालतात, त्यांच्या बोलण्यात ही पायरी हमखास येते.

पण ग्रंथाला एक मोठं भोक होतं, आणि ते समकालीनांनी लगेच हेरलं. रंबाम यांनी कुठलाही संदर्भ दिला नव्हता. हा निर्णय तालमुदात कुठून घेतला, विरोधी मत कुणाचं होतं, काही नाही. दक्षिण फ्रान्समधले रब्बी अब्राहम बेन डेव्हिड खवळले. स्रोत न दाखवता तू सांगतोस म्हणून मी का मानायचं? त्यांनी ग्रंथाच्या ओळीओळीवर टिपा लिहिल्या, काही पटवून देणाऱ्या, काही चक्क शिवराळ.

हे फक्त विद्वानांचं हेवेदावे नव्हते. एक उदाहरण पुरे. घरकाम करायला नकार देणाऱ्या बायकोला चाबकाने मारूनही कामाला लावता येतं, असं रंबाम लिहितात. आज हे वाचताना गिळणं अवघड जातं. पण त्याच ठिकाणी अब्राहम यांची टीप आहे, की बायकांना चाबकाने शिस्त लावण्याचा प्रकार मी जन्मात ऐकलेला नाही. रंबाम यांच्या मनासारखं झालं असतं, एकच ग्रंथ आणि एकच आवाज उरला असता, तर वाचणाऱ्याला दुसरं मत असूही शकतं हे कळलंच नसतं.

आणि झालं काय? आज मिश्ने तोरा छापतात तेव्हा मधे रंबाम यांचा मजकूर असतो आणि भोवती अब्राहम यांच्या हरकती, त्या हरकतींना इतरांनी दिलेली उत्तरं, रंबाम यांनी न दिलेले संदर्भ शोधणाऱ्यांच्या टीपा. अगदी तालमुदाच्या पानासारखं. भांडण मिटवायला लिहिलेलं पुस्तक त्याच भांडणातलं आणखी एक पान झालं. पुढे कित्येक शतकं प्रत्येक ज्यू कायदेपंडिताला आधी रंबाम काय म्हणतात ते बघावं लागलं, आणि मग ते चूक कसे हेही सांगता आलं.

पत्रं लिहिणारा माणूस

ग्रंथ बाजूला ठेवले तरी रंबाम पत्रांतून जास्त जवळचे वाटतात. येमेनच्या ज्यूंवर ११७२ च्या सुमारास धर्मांतराची सक्ती आली, त्यातच एक जण स्वतःला मसीहाचा दूत म्हणवू लागला. रंबाम यांनी त्यांना धीर देणारं लांबलचक पत्र लिहिलं, सोबत त्या भोंदूपासून सावधही केलं. येमेनी ज्यूंनी त्याची अशी परतफेड केली, की प्रार्थनेतच त्यांचं नाव घातलं.

दुसरं पत्र ओबद्या नावाच्या माणसाला आहे. हा धर्म बदलून ज्यू झालेला. त्याचा प्रश्न होता, की प्रार्थनेत आमच्या पूर्वजांचा देव असं येतं. माझे पूर्वज तर ज्यू नव्हते, मग मी काय म्हणू? रंबाम यांनी कळवलं, एक अक्षरही बदलू नकोस. जो अब्राहमच्या वाटेने आला त्याचा अब्राहम हा बापच. याच ओबद्याला त्याच्या गुरूने मुसलमान मूर्तिपूजक नाहीत असं म्हटल्याबद्दल मूर्ख ठरवलं होतं. रंबाम यांनी गुरूला खोटं पाडलं: मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, त्यांचा एकेश्वरवाद निखळ आहे. ज्याचं बालपण अलमोहदांनी उद्ध्वस्त केलं, त्याने हे लिहिलं.

आणि एका पत्रात भारत येतो. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, फ्रान्समधल्या लुनेल गावच्या विद्वानांना लिहिताना त्यांनी जगभरातल्या ज्यूंच्या अभ्यासाची दशा सांगितली. त्यात एक वाक्य भारतातल्या ज्यूंवर: त्यांना लिखित तोरा माहीत नाही, शब्बाथला विसावा घेणं आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करणं, एवढंच त्यांना ठाऊक. हे ज्यू कोकणातले की मलबारचे, हे पत्रातून कळत नाही. पण वर्णन आपल्या बेने इस्रायलींशी विलक्षण जुळतं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. ग्रंथ नव्हते, पण नव्याचा सण होता, दारफळणीचा सण होता, सुंता होती, बिनखवल्यांचा मासा वर्ज्य होता. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने माशांवरूनच त्यांना ओळखलं आणि हिब्रू शिकवली, अशी त्यांची परंपरा. हा डेव्हिड म्हणजे रंबाम यांचा भाऊच, असंही काहींनी लिहिलं. ऐकायला फार छान आहे, पण तो तर समुद्रातच राहिला. इतिहासकार त्याऐवजी अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. पुढे १८७४ मध्ये वल्हांडणाच्या रात्रीचं पुस्तक हिब्रू आणि मराठीत पुण्यात छापलं गेलं.

जळालेली पुस्तकं, उरलेली पानं

११९० च्या सुमारास त्यांनी आणखी एक ग्रंथ लिहिला, गोंधळलेल्यांसाठी मार्गदर्शक. ज्याने तोराही वाचलीय आणि ॲरिस्टॉटलही, आणि आता दोन्हींत मेळ लागत नाही, अशा शिष्यासाठी. देवाचा हात, देवाचा राग ही सगळी भाषा रूपकाची आहे, असं ते त्यात मांडतात. देव काय आहे हे सांगताच येत नाही, तो काय नाही एवढंच सांगता येतं. (नेति नेति आठवलं तर साहजिक आहे, पण त्यांचा रस्ता ग्रीक आणि अरबी तत्त्वज्ञानातून येतो.) बळी देण्याची आज्ञाही त्या काळच्या लोकांच्या सवयीला दिलेली सवलत होती, हे वाचून तर अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली.

रंबाम १३ डिसेंबर १२०४ रोजी फुस्तातमध्ये वारले. त्यांची कबर गॅलिली सरोवराकाठच्या टायबेरियसमध्ये दाखवतात. त्यांच्यामागे तीसेक वर्षांत वाद इतका पेटला, की फ्रान्समधल्या रब्बींनी त्यांच्या तत्त्वज्ञानावर बंदी घातली, उलट बाजूच्यांनी त्या रब्बींवर बहिष्कार टाकला. १२३० च्या दशकात माँपेलिएमध्ये ख्रिश्चन धर्माधिकाऱ्यांनी रंबाम यांची पुस्तकं जाळल्याच्या नोंदी आहेत, आणि तक्रार घेऊन त्यांच्याकडे ज्यूच गेले होते, असा आरोप तेव्हापासून आहे. १२४२ मध्ये पॅरिसमध्ये त्याच चर्चने गाडे भरभरून तालमुद जाळला. त्यानंतर आपसातल्या भांडणात बाहेरच्यांना बोलावण्याची हौस बरीच ओसरली.

आज कॉर्डोबात त्यांचा पुतळा आहे, हैफातल्या मोठ्या रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. १९८४ पासून हजारो लोक मिश्ने तोरा रोज तीन प्रकरणं या हिशेबाने वाचतात. वर्षभरात ग्रंथ संपतो, की पुन्हा पहिल्या पानापासून.

फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक बंद खोली होती. ज्यावर देवाचं नाव असू शकतं असा कागद फेकायचा नाही, म्हणून जीर्ण पानं तिथे टाकत. हिब्रू अक्षरांतलं बाकीचंही हळूहळू तिथेच जायचं: हिशेब, करार, किराणा याद्या. त्या खोलीला गेनिझा म्हणतात. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर या विद्वानाने तिथले जवळपास दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. गेनिझाच्या कागदांत रंबाम यांच्या हातचे कच्चे खर्डे सापडले. अक्षर घाईचं, ओळी खोडलेल्या, समासात पुन्हा लिहिलेल्या. ज्याने सगळे वाद गाळून शेवटचा निर्णय लिहिला, तो स्वतःशी किती वेळा भांडला, ते त्या खाडाखोडीत दिसतं.

ऐधाबहून आलेलं डेव्हिडचं पत्रही याच खोलीतून वर आलं.